पायऱ्यांवरचं मांजर

नणंद-भावजयीचं कधी पटत नाही असं म्हणणाऱ्यांना त्या पाट्यांच्या दुकानात नेऊन बसवायला हवं होतं. दिवसभर दोघींची तोंडं चालू. ब्रश कुठे ठेवलास, टर्पेंटाइनच्या बाटलीला बूच का नाही, याला काय हिरवा म्हणतात होय. आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आता या एकमेकींच्या झिंज्या धरणार. आणि गंमत अशी, की त्या घरात सगळ्यांत जास्त कोणाचं पटत असेल तर ते या दोघींचंच. घरातल्या एकुलत्या एका पुरुषाला हे कधी उमगलं नाही, आणि त्याला उमगावं म्हणून कोणी जिवाचा आटापिटाही केला नाही.

दुकान नणंदबाईंचं, वडिलांच्या मागे त्यांनी चालवलेलं. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलाला घेऊन माहेरी आल्या आणि ब्रश हातात धरला तो धरलाच. डॉक्टरांच्या पाट्या, न्हाव्याच्या पाट्या, ट्रकच्या मागचं ‘अंतर ठेवा’, सगळं त्यांच्या हातचं. धाकटी म्हणजे त्यांच्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला रंगांची नावंही धड येत नव्हती. नणंदबाईंनी तिला शेजारी बसवून, बोलून बोलून, रडवून शिकवलं. आता तिचे केस पिकले तरी सगळ्या गल्लीत ती धाकटीच.

मग ती फ्लेक्सची मशीनं आली. बटण दाबलं की बोर्ड तयार, त्यावर गुलाबाची फुलं फुकट. बरं, त्या मशीनवर नोकरीला कोण लागावं? नणंदबाईंचा सख्खा भाऊ, धाकटीचा नवरा. नणंदबाई त्याला तोंडावर घरभेद्या म्हणायच्या आणि जेवताना त्याच्याच ताटात जास्तीचं वाढायच्या. तोही मुकाट्याने दोन्ही घ्यायचा.

मुलगा दुसऱ्या शहरात चांगला स्थिरावला होता. आई, आता पुरे, माझ्याकडे ये, असं दर फोनला म्हणायचा. नणंदबाई हसण्यावारी न्यायच्या. पण एका दवाखान्याची पाटी रंगवताना त्यांची ओळ शेवटी खाली घसरली. दोघींनी ते पाहिलं, पुसून पुन्हा काढली. त्या दिवसापासून नणंदबाई आपल्या हाताकडे संशयाने बघायला लागल्या. भांडणंही कमी झाली. धाकटीला ते भांडण नसणं फार जड जायचं.

अशात नगरपालिकेतले साहेब दुकानात आले. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यामध्ये एक रुंद दगडी जिना आहे, तो रंगवून द्याल का, काहीतरी प्रसन्न काढा, असं म्हणाले. तो जिना म्हणजे नुसती जायची-यायची जागा. लोक खाली मान घालून चढायचे, खाली मान घालून उतरायचे. वरच्या गल्लीचे लोक खालच्यांना तोंडओळखीपुरते ओळखायचे. त्या जिन्यावर कोणी कधी घटकाभर टेकलंय, असं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

नणंदबाईंनी काम घेतलं आणि घरी येऊन, चप्पल काढायच्या आधी, जाहीर केलं.

“हे साधलं तर माझा हात शाबूत आहे असं समजेन. नाही साधलं, तर ब्रश धुऊन ठेवीन आणि मुलाकडे जाईन. मग मला कोणी अडवायचं नाही.”

भाऊ म्हणाला, बरं. त्याला दुसरं काही सुचतच नाही. धाकटीला मात्र ‘बरं’ म्हणून सोडून देणं जमणारं नव्हतं. घरात सगळं होतं, नवराही स्वभावाने गरीब होता, पण मन मोकळं करायला माणूस एकच होतं, आणि ते आता बॅग भरायच्या गोष्टी करत होतं. तिने मनाशी ठरवलं की हे काम चुकू द्यायचं नाही. जीव गेला तरी बेहत्तर.

काढायचं काय, तर मांजर. जिनाभर पसरलेलं, हनुवटी पंजावर टेकून पडलेलं, चांगलं गुबगुबीत मांजर. पण नणंदबाई साधं काही करतील तर त्या नणंदबाई कसल्या. पायऱ्यांच्या उभ्या बाजूवरही रंग, आडव्या बाजूवरही रंग, आणि चित्र असं तुकड्यातुकड्यांत काढायचं की जवळून नुसते डाग दिसावेत, पण समोरच्या रस्त्यावर एका ठरावीक जागी आलं की सगळे डाग जुळून मांजर उभं राहावं. म्हणजे पायऱ्या दिसायच्याच नाहीत, मांजरच दिसायचं. त्या जागी त्यांनी रस्त्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारली.

काम चालायचं ते असं. नणंदबाई फुलीवर बसून एक डोळा मिटायच्या आणि हातातल्या काठीने हवेत मांजर काढायच्या. धाकटी जिन्यावर खडू घेऊन. डावीकडे. आणखी. अगं, तुझं डावं नव्हे, माझं डावं. वर. थोडं खाली. हां, तिथे खूण कर आणि आता हलू नकोस. नणंदबाईंचा गुडघा धड नव्हता, म्हणून त्या दुकानातलं बुटकं स्टूल घेऊन यायच्या आणि त्यावर ठाण मांडायच्या. येणारे-जाणारे दोघींच्या मधून जायचे, तेव्हा त्यांनाही बोलणी बसायची. एकदा तर वरच्या गल्लीतले मुख्याध्यापक खुणेवर पाय देऊन गेले आणि नणंदबाईंनी त्यांना विद्यार्थ्यासारखं परत बोलावून दुसऱ्या बाजूने चढायला लावलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज असा लागला होता. धाकटी खडूने हात पांढरे करून जिन्यावर ओणवी झालेली असायची आणि मनातल्या मनात खूश असायची.

खुणा झाल्या, रंग भरून झाले. शेवटच्या दिवशी नणंदबाईंनी स्टुलावरून डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, जमलंय. एवढंच. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला माणसं वर्षानुवर्षं थांबायची. मग त्या गुडघा चोळत उठल्या, स्टूल काखोटीला मारलं आणि घराकडे वळल्या.

धाकटी मागे राहिली. इतके दिवस ती जिन्यावरच होती, मांजर अख्खं असं तिने पाहिलंच नव्हतं. ती हौसेने फुलीवर येऊन उभी राहिली, एक डोळा मिटला आणि लगेच उघडला.

मांजर जुळत नव्हतं. डोकं एकीकडे, कान दुसरीकडे. पोटाचे तीन तुकडे झालेले, पंजा नको तेवढा लांब, शेपटी तर मधेच तुटून बाजूला पडलेली. तिने दुसरा डोळा मिटून पाहिलं. तेच. ताईंनी तर आत्ताच जमलंय म्हटलं होतं. म्हणजे ताईंच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, की आपला खडूच सगळीकडे हुकला? खडू हुकला असणार, दुसरं काय. आपण कामाची माती केली, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. घरी जाऊन ती न जेवताच आडवी झाली. नवऱ्याने विचारलं, डोकं दुखतंय का, तर म्हणाली, हो.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. धाकटी सगळ्यांच्या आधी उठून ब्रश आणि रंगाचे डबे घेऊन जिन्यावर गेली. फुलीवर उभं राहून बघायचं, धावत वर जायचं, रंग द्यायचा, पुन्हा खाली यायचं. धापा टाकत तिने शेपटी तेवढी जुळवली. मांजराच्या चेहऱ्याला हात घालणार तोच खुर्च्या घेऊन माणसं यायला लागली. ती डबे आणि ब्रश कोपऱ्यात सरकवून चोरासारखी बाजूला उभी राहिली.

साहेब आले. त्यांना मानाने फुलीवर उभं करण्यात आलं. त्यांच्यासमोर बसायचं कोण, म्हणून सगळेच उभे. साहेबांनी एक डोळा मिटला, मग उघडला, मग मान थोडी तिरकी करून पाहिलं. साहेब सज्जन माणूस. ते म्हणाले, अगदी आधुनिक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीट ऐकणाऱ्याला कळलं असतं की त्या टाळ्या सांत्वनाच्या होत्या. कोपऱ्यावरचा बेकरीवाला शेजाऱ्याला हळूच म्हणाला की हे मांजर आहे की गादीचा कापूस काढून वाळत टाकलाय. तो हळू बोलला की सगळ्यांना ऐकू येतं.

साहेब बाजूला झाल्यावर नणंदबाई फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या. आज स्टूल आणलं नव्हतं, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून. त्यांनी डोळा मिटून पाहिलं. धाकटी त्यांच्याकडेच बघत होती. त्या चेहऱ्यावरचं तेज असं उतरलं की धाकटीला रडू फुटायचं बाकी राहिलं. ती जवळ जाऊन म्हणाली, “ताई, चूक माझी आहे. खडू माझ्या हातात होता.”

“खडू तुझ्या हातात होता,” नणंदबाई म्हणाल्या, “पण डोळा माझा होता.”

बास.  घरी येऊन त्यांनी आपले सगळे ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले आणि मुलाला फोन केला. काल जमलेलं आज कसं नाही जमलं, हे कोडं त्यांनी सोडवायचाही प्रयत्न केला नाही. दवाखान्याच्या पाटीपासून त्यांच्या मनात जे होतं, त्यावर त्यांच्या मते आता शिक्कामोर्तब झालं होतं. माणूस घाबरलेला असला की त्याला वाईट तेच खरं वाटतं.

मुलगा दुसऱ्या दिवशीच गाडी घेऊन आला. दुपारी निघायचं ठरलं. नणंदबाई बॅग भरत होत्या आणि धाकटीला ते बघवत नव्हतं. ती उगाच या खोलीतून त्या खोलीत करत होती. शेवटी नणंदबाईच म्हणाल्या की जिन्यापाशी रंगाचे डबे राहिलेत, ते तेवढे घेऊन ये, कोणी लाथाडून सांडले तर आणखी शोभा व्हायची.

धाकटी गेली. डबे गोळा करून रस्त्यावर आणले आणि तिचं अवसानच संपलं. एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बसली आणि भर दुपारी, भर रस्त्यात, पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. कोणी बघेल याची तिला शुद्ध नव्हती. रडून झाल्यावर डोळे पुसायला लागली. एक डोळा पुसत असताना दुसऱ्या डोळ्याने समोर पाहिलं.

समोर मांजर होतं.

अख्खं. हनुवटी पंजावर, कान ताठ, पोट कसं टुम्म. पायऱ्या कुठे गायब झाल्या होत्या कोण जाणे. ते एवढं मोठं मांजर दोन गल्ल्यांच्या मधे आरामात पडून थेट धाकटीकडे बघत होतं. सगळं जागच्या जागी होतं, एक शेपटी सोडून. शेपटी तेवढी भलत्याच मांजराची असावी तशी लोंबत होती.

धाकटी उठून उभी राहिली. मांजर फुटलं, शेपटी जुळली. बसली. मांजर जुळलं, शेपटी तुटली. उठली. बसली. खाली पाहिलं तर तिचा डबा बरोबर फुलीवर होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंनी सगळं चित्र बुटक्या स्टुलावर बसून मापलं होतं. चित्र चुकलं नव्हतं, बघणारे चुकत होते. आणि जिथे कोणाचं काही चुकलं नव्हतं, तिथे तिने भल्या पहाटे धावपळ करून एक शेपटी तेवढी बिघडवून ठेवली होती.

तिला असं हसू आलं की काही विचारू नका. बेकरीवाला दुकानातून हे उठणं-बसणं बघत होता. त्याने बाहेर येऊन चौकशी केली, कंबर धरली का म्हणून. धाकटीने त्याचा हात धरला आणि त्याला डब्यावर बसवलं. तो मोठा बोलघेवडा माणूस. त्याने डोळा मिटला. मग तो जो ओरडत सुटला, तो वरच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला.

माणसं जमायला लागली. डब्यावर आळीपाळीने बसायला कोणाला धीर नव्हता. फुलीच्या आजूबाजूला आणि मागेही बऱ्यापैकी जमतं, फक्त बूड टेकावं लागतं, असा शोध लागल्यावर सगळे रस्त्यावरच बसले. पोस्टमन बसला, शिंपीणबाई हातातल्या कापडासकट बसली. वरच्या गल्लीतून लोक डागांवर पाय देत उतरायचे आणि खाली काय चाललंय ते विचारायचे, आणि त्यांना एकच उत्तर मिळायचं, आधी बसा. मुख्याध्यापकांनी रुमाल अंथरला. त्यांच्या शेजारी बेकरीवाला बसला होता. इतकी वर्षं त्याच्याकडून पाव घेत होते, पण तो आपल्याच गावचा निघाला हे त्यांना त्या दिवशी कळलं. एकदा बसलेलं माणूस लगेच उठत नाही, आणि शेजारी बसलेल्याशी बोलल्याशिवाय तर मुळीच राहत नाही. जिथे कधी कोणी थांबत नव्हतं तिथे हां हां म्हणता गप्पांचा फड जमला. धाकटीचा नवरा जेवायच्या सुट्टीत घरी चालला होता, तोही येऊन मांडी घालून बसला. बराच वेळ बघून तो म्हणाला की हे आमच्या मशीनच्या बापाला जमणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं नेमकं बोलला होता.

आणि धाकटी? ती ज्याला त्याला बसवण्याच्या नादात घरी जाऊन सांगायचंच विसरली. आठवलं ते हॉर्न वाजला तेव्हा.

भाच्याची गाडी गर्दीच्या मागे येऊन उभी होती. गावाबाहेर जायचा रस्ता तोच. तो हॉर्न वाजवत होता आणि बसलेली माणसं त्याच्याकडे वळूनही बघत नव्हती. नणंदबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. जिन्याकडे नजर जाऊ नये म्हणून त्यांनी मांडीवरच्या पर्सकडे मान घातली होती. रस्त्यावर माणसं का बसलीत, हेसुद्धा त्यांना बघायचं नव्हतं.

धाकटीने लोकांना बाजूला व्हायला सांगितलं, फुलीवरचा डबा कडेला सरकवायला लावला आणि भाच्याला हाताने पुढे पुढे बोलावलं. त्याला वाटलं, मामी रस्ता मोकळा करून देतेय. गाडी हळूहळू सरकत आली. मागची खिडकी फुलीवर आल्याबरोबर धाकटीने बॉनेटवर थाप मारून गाडी थांबवली आणि खिडकीपाशी गेली.

“ताई, बाहेर बघा.”

नणंदबाईंनी मान वर केली नाही. झाली तेवढी शोभा पुरे, मला जाऊ दे, असं काहीसं पुटपुटल्या.

“एक डोळा मिटा आणि बघा. माझ्यासाठी बघा.”

इतक्या वर्षांत धाकटीने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नणंदबाईंनी मान वळवली. खिडकीची काच खाली केली. एक डोळा मिटला. गाडीची सीट काय आणि दुकानातलं स्टूल काय, त्यांचा डोळा बरोबर त्याच उंचीवर आला होता.

बसलेली माणसं माना वळवून गाडीकडे बघायला लागली. बेकरीवालासुद्धा. नणंदबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.  मग भुवया जवळ आल्या आणि धाकटीने जो आवाज गमावला असं समजलं होतं तो आवाज खणखणीत बाहेर आला.

“शेपटीला कोणी हात लावला?”

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी लावला, ताई, मीच लावला, असं तिने तिथल्या तिथे कबूल केलं, आणि उभ्याने कसं दिसतं, बसून कसं दिसतं, सगळं एका दमात सांगून टाकलं. नणंदबाई गाडीतून उतरल्या. उभ्या राहून पाहिलं, मग गाडीत अर्धवट बसून पाहिलं. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. गावभर लोकांची मापं काढणाऱ्या मला माझं स्टूल दिसलं नाही, म्हणाल्या, आणि अशा हसल्या की शिंपीणबाईंनाही हसू आवरेना.

त्यानंतर मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. रंगाचे डबे तिथेच होते, डब्यांबरोबर धाकटीचा ब्रशही. धाकटीला जिन्यावर पिटाळलं, पोस्टमनला पालथ्या डब्यावरून उठवलं आणि गाडी हटल्यावर तो डबा फुलीवर ठेवून स्वतः बसल्या. बघणाऱ्यांना समोरून हटायला लावलं. डावीकडे. आणखी. तुझं डावं नव्हे. मुलगा गाडी कडेला लावून आईच्या मागे येऊन उकिडवा बसला. त्याने एक डोळा मिटून पाहिलं. काही वेळाने त्याने भीत भीत म्हटलं की आई, अंधार पडायच्या आत पोचायचं असेल तर आता निघायला हवं. नणंदबाईंनी मिटलेला डोळा उघडलासुद्धा नाही. तू हो पुढे, इथे माझं काम पडलंय, म्हणाल्या.

ते वर धाकटीला ऐकू गेलं. तिची पाठ रस्त्याकडे होती, म्हणून कोणाला दिसलं नाही, पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि हातातला ब्रश थरथरायला लागला. मांजराच्या शेपटीची कड वाकडी जायला लागली.

“अगं, रडतेस कशाला?” नणंदबाई खालून कडाडल्या. “मी कुठे जात नाहीये. हात हलवू नकोस.”

धाकटीने खांद्याला डोळे पुसले आणि शेपटी पुरी केली.